गेज थिअरीचा पेपर: 'लोकल' का करायचं आणि हिग्ज नेमकं मोडतो काय?

प्रश्न आधी थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. निपाणीकडचा एक विद्यार्थी आहे, एमएस्सी फिजिक्सचं दुसरं वर्ष, पार्टिकल फिजिक्स स्पेशल, आणि गेज थिअरीचा पेपर सहा आठवड्यांवर आलाय. तो म्हणतोय, ग्लोबल सिमेट्री (सगळीकडं एकसारखा बदल) लोकल (प्रत्येक बिंदूला वेगळा) केली की डेरिव्हेटिव्ह बदलावं लागतं आणि त्यातून फोटॉन बाहेर येतो हे दहा वेळा लिहून पाठ झालंय, पण मुळात लोकल करा असं सांगितलंय कुणी? आणि एवढा खटाटोप करून सिमेट्री आणली तर पुढच्याच युनिटमध्ये हिग्ज (कणांना वस्तुमान देणारं फील्ड) येऊन ती मोडतो, मग आणली कशाला? शेवटी विचारलंय, क्यूएफटी (क्वांटम फील्ड थिअरी) कच्चं आहे, सोडून देऊ काय हा पेपर.

सोडू नकोस. (वयानं लहान असणार म्हणून 'अरे-तुरे' करतोय, राग मानू नकोस.) मी बेळगावचाच, मराठी शाळेतून आलेला, पीएचडी पार्टिकल थिअरीत केली आणि नंतर पंचवीसेक वर्षं एमएस्सीच्या पोरांना हाच पेपर शिकवला. हे दोन प्रश्न ज्याला पडतात त्याचं गणित कच्चं नसतं, उलट ज्याला पडत नाहीत त्याची मला जास्त काळजी वाटते. तुझी खरी अडचण मला अशी दिसते की 'सिमेट्री' हा एकच शब्द तुला दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी शिकवलाय आणि त्या वेगळ्या आहेत हे कुणी सांगितलेलं नाही.

काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या आधी बोलून टाकतो. तुमच्या सिलॅबसमध्ये पाथ इंटिग्रल आहे की नाही, डिरॅक इक्वेशन आणि ट्रेसची गणितं हातानं केलीयत की नुसती बघितलीयत, पुढं पीएचडी करायचीय की नेटपुरतंच बघायचंय, यावर सहा आठवड्यांत काय करायचं ते ठरतं. नुसतं नेट असेल तर या पेपरवर जीव टाकू नकोस, क्लासिकल, क्वांटम आणि स्टॅटमेक जास्त मार्क देतात. पीएचडी करायची असेल तर पुढचं सगळं वाच.

आता पहिला प्रश्न, लोकल का. पुस्तकात जो क्रम असतो ना, फेज प्रत्येक बिंदूला वेगळी घ्या, मग टर्म जादा येते, ती मारायला ए-म्यू (फोटॉनचं फील्ड) आणा, तो क्रम शिकवायला सोयीचा आहे, पण त्यातून असं वाटतं की निसर्गानं आधी लोकल सिमेट्रीचा अर्ज दिला आणि मग फोटॉन मंजूर झाला. मी हे उलट्या बाजूनं सांगतो. फोटॉन आहे, त्याला वस्तुमान नाही, स्पिन एक आहे आणि त्याची पोलरायझेशन्स दोन आहेत, हे सगळं प्रयोगातून आलेलं. आता तुला थिअरी लिहायचीय जी रिलेटिव्हिटीला धरून असेल आणि लोकलही असेल, म्हणजे इथल्या इलेक्ट्रॉनचा फील्डशी संबंध इथंच, लांबून नाही. त्यासाठी सोयीची वस्तू म्हणजे चार कॉम्पोनंटचा ए-म्यू. म्हणजे झालं काय, माणसं दोन आणि खोल्या चार. उरलेल्या दोन खोल्यांत कुणी राहत नाही याची हमी कुठंतरी लिहून ठेवायला पाहिजे, आणि गेज इन्व्हेरियन्स म्हणजे ती हमी. ही निसर्गातली सिमेट्री नव्हे, आपल्या लिहिण्यातला जादा भाग आहे. ग्लोबल फेजची सिमेट्री मात्र खरी, तिच्यातून चार्ज टिकतो, तो मोजता येतो. वाइनबर्गनं १९६४ मध्ये दाखवलं की वस्तुमान नसलेला स्पिन एकचा कण आणि रिलेटिव्हिटी एवढं धरलं तरी चार्ज टिकायलाच लागतो, लोकल सिमेट्रीचं नावही न घेता. म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर, लोकल करा असं कुणी सांगितलं नव्हतं, वस्तुमान नसलेला स्पिन-एक कण चार खोल्यांत ठेवायचा म्हटला की ती अट आपोआप येते.

हे ऐकून पोरं मान हलवतात पण आत जात नाही, म्हणून मी फळ्यावर पायलीचं उदाहरण घेतो. तुझ्या घरी आजी असेल तर तिला विचार, शेर-पायली सगळीकडं एकसारखी नसायची. समज खानापूर, नंदगड आणि लोंढा, तीन गावं, तीन पायल्या. (आकडे माझ्या मनचे आहेत, कुणी बाजारात जाऊन भांडू नका.) खानापूरची १ पायली म्हणजे नंदगडच्या १.२५, नंदगडची १ म्हणजे लोंढ्याच्या ०.८, आणि लोंढ्याची १ म्हणजे खानापूरच्या १.१. आता खानापुरातून हिशोब सुरू कर, नंदगड, लोंढा, परत खानापूर, तिन्ही आकडे गुणून टाक. १.२५ गुणिले ०.८ म्हणजे १, गुणिले १.१ म्हणजे १.१. आता नंदगडकरांनी पंचायतीत ठरवलं की आमची पायली आजपासून दुप्पट मोठी. ठरवू देत, त्यांचं गाव, त्यांची पायली. खानापूरची १ आता नंदगडच्या नव्या ०.६२५, आणि नंदगडची नवी १ म्हणजे लोंढ्याच्या १.६. गुण बघू, ०.६२५ गुणिले १.६ म्हणजे परत १, आणि गुणिले १.१ म्हणजे परत १.१. गावागावातला दर बदलला, फेरीचा गुणाकार बदलला नाही.

यात सगळी गेज थिअरी आलीय. प्रत्येक गावाला आपली पायली ठरवायची मुभा म्हणजे लोकल गेज ट्रान्सफॉर्मेशन. शेजारच्या दोन गावांमधला दर म्हणजे ए-म्यू, पायली बदलली की तोही बदलतो, म्हणून 'ए-म्यू खरा किती' या प्रश्नाला अर्थ नाही. आणि फेरी मारून आल्यावर १ च्या जागी १.१ आला, तो जादाचा ०.१ म्हणजे फील्ड, एफ-म्यू-न्यू, तो खरा, तो मोजता येतो. सगळ्या फेऱ्यांचा गुणाकार १ येत असेल तर फील्ड शून्य, मग दर कितीही विचित्र दिसू देत. कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह म्हणजे तरी काय, नंदगडचं भात खानापूरच्या भाताशी ताडायचं तर आधी दर लावा आणि मग वजा करा. पायली वेगळी असताना नुसते आकडे वजा केले तर उत्तराला काय किंमत आहे? त्यासाठीच ती जादा टर्म.

आणि हे उदाहरण मी शोधलेलं नाही बरं का, मूळ कल्पनाच मापाची आहे. हर्मन वाइलनं १९१८ मध्ये गुरुत्वाकर्षण आणि विद्युतचुंबकत्व एकत्र आणायला असंच म्हटलं की लांबीचं माप प्रत्येक ठिकाणी वेगळं धरायची मोकळीक असू दे. जर्मनमध्ये त्याचा शब्द माप प्रमाणित करण्याचा होता, आपल्याकडं वजनमापवाले येऊन मापावर शिक्का मारतात ना, तसला. इंग्रजीत त्याचं गेज झालं. आमच्या पिढीला गेज म्हटलं की मिरज-लोंढा मीटर गेज आठवायची, पुण्याहून ब्रॉडगेजनं येऊन मिरजेला गाडी बदलायची, तेही मापच म्हणा. आइन्स्टाईननं लगेच हरकत घेतली की असं असेल तर दोन अणू वेगवेगळ्या वाटेनं एका जागी आले तर त्यांची घड्याळं जुळणार नाहीत, मग स्पेक्ट्रमच्या रेषा ठरलेल्या जागी दिसतात त्या कशा? हरकत बरोबर होती, कल्पना पडली. क्वांटम मेकॅनिक्स आल्यावर १९२९ मध्ये वाइलनंच ती परत उभी केली, पण माप लांबीचं नाही, इलेक्ट्रॉनच्या फेजचं. म्हणजे गुणाकारात १.१ च्या जागी ई-रेज्ड-टू-आय-थीटा. बाकी सगळं तेच. आणि फेरीनंतरची फेज खरंच मोजता येते, अहारोनोव्ह आणि बोम यांनी १९५९ मध्ये कागदावर सांगितलं आणि टोनोमुरांच्या गटानं १९८६ मध्ये सुपरकंडक्टरनं झाकलेल्या कडीसारख्या चुंबकावर दाखवून दिलं. इलेक्ट्रॉन जिथून जातो तिथं चुंबकीय क्षेत्र नाही, तरी फेरीचा हिशोब १ येत नाही.

पुढं नॉन-अबेलियन. इथं पोरं घाबरतात ती इंडेक्सना, त्या वरच्या छोट्या ए-बी-सी ना. पायलीवरच थांब. आता एकाच मापाचा प्रश्न नाही, गावात भात, नाचणी आणि जोंधळा अशा तीन जिनसा आहेत, आणि प्रत्येक गाव 'भात' कशाला म्हणायचं हेही आपलं आपण ठरवतं, म्हणजे तिन्हींचं मिश्रण करून नवी नावं दिली तरी चालतात. मग दर हा आकडा राहत नाही, तीन बाय तीनची मॅट्रिक्स होते. मॅट्रिक्स गुणताना क्रम महत्त्वाचा, आधी नंदगड मग लोंढा आणि आधी लोंढा मग नंदगड, उत्तर वेगळं. एफ-म्यू-न्यूमध्ये जी कम्युटेटरची टर्म येते ती एवढ्यासाठीच, छोट्या चौकोनावरून फेरी मारून गुणाकार कर, सेकंड ऑर्डरपर्यंत उलगड, ती आपोआप पडते. हे गणित एकदा स्वतः कर, अर्ध्या पानाचं आहे. अजून एक फरक दिसेल, फेरीचा गुणाकारही आता मॅट्रिक्स आहे, गावानं नावं बदलली की तीही दोन्ही बाजूंनी बदलते, बदलत नाही तो तिचा ट्रेस. म्हणून विल्सन लूपमध्ये ट्रेस असतो. एफचा वर्ग केला की तीन आणि चार ग्लुऑनच्या (प्रोटॉनच्या आतले क्वार्क बांधून ठेवणाऱ्या कणांच्या) टर्म्स येतात, म्हणजे ग्लुऑन ग्लुऑनशी बोलतो. फोटॉन फोटॉनशी असा सरळ बोलत नाही.

यांग आणि मिल्स यांनी हे १९५४ मध्ये आयसोस्पिनसाठी, एसयू(२) घेऊन लिहिलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रिन्स्टनला यांगचं सेमिनार होतं, समोर पाउली बसलेले. यांगनं फळ्यावर कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह लिहिलं न लिहिलं तोच पाउलींनी विचारलं, या फील्डचं वस्तुमान किती? यांग म्हणाला माहीत नाही. थोड्या वेळानं परत तोच प्रश्न. यांग शेवटी खाली जाऊन बसला आणि ओपेनहायमरनी मध्ये पडून त्याला पुढं बोलायला लावलं. पाउलींनी हे गणित स्वतः आधी करून बाजूला ठेवलं होतं, त्यांना अडचण ठाऊक होती: वस्तुमान नसलेले, चार्ज असलेले असले कण असते तर केव्हाच दिसले असते. तुझा दुसरा प्रश्न पाउलींच्या या प्रश्नातूनच आलाय, म्हणून एवढं सांगितलं.

हाताने मास टर्म घातली तर काय होतं? 'गेज इन्व्हेरियन्स बिघडतो' असं लिहून मार्क मिळतात, पण बिघडला तर बिघडू दे की, कुणाचं काय जातं? खोल्या मोज. वस्तुमान असलेल्या स्पिन एकच्या कणाला पोलरायझेशन्स तीन. म्हणजे चारातली एकच खोली रिकामी ठेवायची. नुसत्या फोटॉनला वस्तुमान दिलं तर थिअरी मोडत नाही, फक्त वेगळी होते. पण डब्ल्यूसारख्या (वीक बल वाहणाऱ्या) आपसात बोलणाऱ्या कणांना असं हाताने वस्तुमान दिलं की तो तिसरा, लाँगिट्यूडिनल भाग घात करतो: दोन लाँगिट्यूडिनल डब्ल्यूंच्या टकरीचं अँप्लिट्यूड ऊर्जेच्या वर्गाबरोबर वाढत जातं आणि साधारण टीईव्हीच्या (ऊर्जेचं एकक, म्हणजे हजार जीईव्ही) आसपास प्रोबॅबिलिटी एकच्या वर जायला लागते. ही खरी अडचण. आणि ती वाढ बरोबर जो मारतो तो हिग्ज.

आता तो काय 'मोडतो'? काही मोडत नाही. लिहिण्यातला जादा भाग मोडायचा तरी कसा, नंदगडची पायली कुणी मोडेल, पण प्रत्येक गावाला आपली पायली ठरवायची मुभा कशी मोडणार? लोकल गेज सिमेट्री अशी आपोआप मोडत नाही हे एलिट्झूरनं १९७५ मध्ये लॅटिसवर (जागेचे ठिपके पाडून लिहिलेल्या थिअरीत) सिद्धच केलंय. होतं ते असं की व्हॅक्युममध्ये हिग्ज फील्डची किंमत शून्य नसते, २४६ जीईव्ही असते, आणि त्या किमतीच्या आजूबाजूला आपण कणांची परत मोजदाद करतो. वहीत कर. आधी: वस्तुमान नसलेले चार व्हेक्टर, प्रत्येकी दोन, झाले ८, आणि हिग्ज डब्लेटचे चार स्केलर (स्पिन शून्यचे), एकूण १२. नंतर: दोन डब्ल्यू आणि एक झेड, प्रत्येकी तीन, झाले ९, फोटॉनचे २, म्हणजे ११, आणि उरलेला एक स्केलर, एकूण १२. चार स्केलरपैकी तीन तिसऱ्या खोलीत राहायला गेले, चौथा बाहेर राहिला, तो ४ जुलै २०१२ ला सर्नमध्ये १२५ जीईव्हीच्या आसपास सापडल्याचं जाहीर झालं. परीक्षेत 'सिमेट्री ब्रेकिंग' असंच लिही, सगळं जग तेच लिहितं, पण मनात हा १२ चा हिशोब ठेव.

जाता जाता, 'हिग्ज सगळ्यांना वस्तुमान देतो' असं उत्तरात लिहू नकोस. प्रोटॉन ९३८ एमईव्हीचा, त्याच्या आतल्या अप आणि डाउन क्वार्कची वस्तुमानं काही एमईव्ही, बाकीचं बहुतेक सगळं क्यूसीडीच्या (क्वार्क-ग्लुऑनच्या थिअरीच्या) ऊर्जेतून येतं. तुझं-माझं वजन हिग्जपेक्षा ग्लुऑनच्या कृपेनं जास्त.

या सगळ्यात एक गणित असं आहे जे मी प्रत्येक बॅचला वर्गात कॅल्क्युलेटर काढायला लावून करून घ्यायचो, डब्ल्यूचं वस्तुमान. लागणाऱ्या गोष्टी तीनच. फर्मी कॉन्स्टंट, १.१६६ गुणिले दहाचा उणे पाचवा घात, प्रति जीईव्ही वर्ग, तो म्युऑनच्या आयुष्यातून येतो. त्यातून व्ही: वर्गमूळ-दोन गुणिले जी-एफ, त्याचं वर्गमूळ, आणि एक भागिले ते, येतात २४६. दुसरं, साइन-स्क्वेअर-थीटा-डब्ल्यू, ०.२३१, तो न्यूट्रिनोच्या टकरींतून येतो. तिसरं अल्फा, विद्युतबलाची ताकद सांगणारा आकडा. मग ई म्हणजे चार-पाय-अल्फाचं वर्गमूळ, जी म्हणजे ई भागिले साइन थीटा, आणि डब्ल्यूचं वस्तुमान जी गुणिले व्ही भागिले २. पोरं अल्फा १/१३७ घालतात, कारण तेच पाठ असतं. ई येतो ०.३०३, जी येतो ०.६३, आणि उत्तर ७७.६ जीईव्ही. मोजलेलं वस्तुमान ८०.४. पीएचडीच्या पहिल्या वर्षी माझंही हेच आलेलं. दोन दिवस मी वर्गमूळ-दोन कुठं सुटलं ते शोधत बसलो, हॉस्टेलच्या खोलीत वहीची पानंच पानं. शेवटी गाईडकडं गेलो तर ते वही न बघता म्हणाले, "सत्याहत्तर आलं काय? अल्फा कुठल्या गावचा घेतलास?"

१/१३७ हा कमी ऊर्जेचा अल्फा. झेडच्या ऊर्जेला, ९१ जीईव्हीला, तो जवळपास १/१२८ असतो. तो घाल: ई ०.३१३, जी ०.६५२, डब्ल्यू ८०.२. आता त्याला कॉस थीटानं, ०.८७७ नं भाग, झेड आला ९१.५, मोजलेला ९१.१९. उरलेला बारीक फरक लूप करेक्शनचा, तो पीएचडीत. पण हे बघ की, म्युऑन किती वेळ जगतो, न्यूट्रिनो कसे आपटतात आणि फोटॉनचा अल्फा, या तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून जे वस्तुमान आधीच सांगता येत होतं, ते कण सर्नमध्ये १९८३ ला तिथंच सापडले. आणि कपलिंग ऊर्जेबरोबर बदलतं म्हणजे काय हे त्या दोन दिवसांत मला जेवढं कळलं तेवढं रिनॉर्मलायझेशनच्या सबंध चॅप्टरमध्ये कळलं नव्हतं.

क्यूसीडीचा भाग पटकन सांगतो, कारण तिथं एका चिन्हाचाच खेळ आहे. बीटा फंक्शनमध्ये (कपलिंग, म्हणजे बलाची ताकद, ऊर्जेबरोबर कशी बदलते ते सांगणाऱ्या) ११ वजा दोन-तृतीयांश गुणिले फ्लेव्हरची (क्वार्कच्या प्रकारांची) संख्या असा आकडा येतो. सहा फ्लेव्हरला ७. जोवर तो पॉझिटिव्ह तोवर जास्त ऊर्जेला कपलिंग कमी होतं, सोळा फ्लेव्हरपर्यंत टिकतं, सतराव्याला उलटतं. त्यातला ११ ग्लुऑन ग्लुऑनशी बोलतो त्यातून आलाय, फोटॉनला तो नाही म्हणून अल्फा वाढत जातो. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर, १९७३, नोबेल २००४. पूर्ण लूपचं गणित सहा आठवड्यांत करत बसू नकोस, चिन्ह कुठून येतं एवढं तोंडी सांगता आलं पाहिजे. फादेव-पोपोव्हचे घोस्ट आले की तिथंही खोल्याच मोज: ए-म्यूचे चार, घोस्टचे उणे दोन, उरले दोन. घोस्ट म्हणजे रिकाम्या खोल्यांचं भाडं हिशोबातून वजा करणारा कारकून, बाकी काही नाही.

ग्लुऑनवरून माझी एक फजिती सांगतो, कारण तुझीही होऊ शकते. पीएचडीच्या एका इंटरव्ह्यूला गेलो होतो (नाव घेत नाही), विचारलं ग्लुऑन किती. आठ. का? मी म्हणालो गेल-मॅन मॅट्रिसेस आठ आहेत. समोरचे हसले. म्हणाले, तीन रंग गुणिले तीन अँटी-रंग म्हणजे नऊ, नववा कुठं गेला? मी म्हणालो ट्रेस शून्य पाहिजे. तेही बरोबर, पण त्यांनी पुढचं विचारलं, समज नववा असता तर काय दिसलं असतं? तिथं मी गप्प. उत्तर सोपं आहे, नववा म्हणजे रंगहीन ग्लुऑन, तो कन्फाइन (प्रोटॉनच्या आत कोंडून) झाला नसता, मग प्रोटॉन-न्यूट्रॉनमध्ये लांब पल्ल्याचं जोरदार बल दिसलं असतं, विद्युतबलासारखं लांब पोचणारं. दिसत नाही, म्हणून यू(३) नाही, एसयू(३). त्या दिवशी जागा गेली. बसमध्ये धारवाड यायच्या आत उत्तर सुचलं, त्याचा उपयोग काय. तेव्हापासून मी 'का' नंतर 'नसतं तर' हाही प्रश्न विचारायला शिकलो.

सहा आठवड्यांचं म्हणशील तर पहिले दोन मी डिरॅकचे ट्रेस आणि स्केलर क्यूईडीला (फोटॉन आणि स्पिन शून्यच्या कणाच्या थिअरीला) देईन, हाताने, कारण पाया कच्चा म्हणतोस तो इथंच असतो. मधले तीन नॉन-अबेलियन आणि हिग्जला, त्यात वरची तीन गणितं पाहिजेतच: चौकोनावरची फेरी, १२ चा हिशोब, डब्ल्यूचं वस्तुमान. शेवटच्या आठवड्यात जुन्या प्रश्नपत्रिका. अ‍ॅनॉमली (क्वांटम हिशोबात गेज सिमेट्री बिघडणं) सिलॅबसमध्ये असेल तर एक बेरीज तरी करून बघ: क्वार्क डब्लेटचा हायपरचार्ज १/६, रंग तीन, म्हणून १/२, लेप्टॉन डब्लेटचा उणे १/२, बेरीज शून्य. रंग तीन नसते तर ती शून्य आली नसती आणि थिअरी उभी राहिली नसती. मला आजही ही बेरीज बघून बरं वाटतं. एनपीटेलवर क्यूएफटीची लेक्चर्स फुकट आहेत, बंगळूरच्या आयसीटीएसची यूट्यूबवर आहेत, आकडे बघायला पीडीजीची (पार्टिकल डेटा ग्रुपची) साइट आहे. लेक्चर बघायचं तर वही उघडी ठेवून बघ, मोबाईलवर आडवं होऊन बघितलेलं काही राहत नाही, स्वानुभव.

आणि एक, मराठीत समजावून सांगायची सवय लाव. आपल्याकडच्या पोरांचं दहावीपर्यंत मराठी, कॉलेजात इंग्रजी, बाजूचा मित्र कानडी, त्यामुळं इंग्रजी वाक्य जसंच्या तसं तोंडात बसतं आणि आत काय आहे ते बघायची वेळच येत नाही. माझ्या वर्गात चिकोडीकडचा एक कानडी पोरगा आणि खानापूरचा एक मराठी, दोघं एकमेकांना मोडक्यातोडक्या भाषेत गेज फिक्सिंग समजवायचे, आणि दोघांनाही वर्गात सगळ्यात जास्त कळायचं, कारण 'विदाऊट लॉस ऑफ जनरॅलिटी' असलं काही म्हणून सुटका नव्हती. घरी आजी असेल तर पायलीचं तिलाच सांग. फेरीचा गुणाकार १ येत नाही म्हटल्यावर ती पहिलं विचारेल, मधल्या मधे कुणी खाल्लं, आणि तो प्रश्न एकदम बरोबर आहे.

डब्ल्यूचं गणित जमलं की एक गृहपाठ देतो. हिग्ज डब्लेटच्या जागी हायपरचार्ज १ असलेला ट्रिप्लेट घाल, ज्या कॉम्पोनंटला चार्ज नाही त्यालाच व्हॅक्युममध्ये किंमत दे, आणि डब्ल्यूच्या वस्तुमानाचा वर्ग भागिले (झेडच्या वस्तुमानाचा वर्ग गुणिले कॉस-स्क्वेअर-थीटा) किती येतो ते काढ. डब्लेटला तो १ येतो, प्रयोगातही जवळजवळ १ च आहे. ट्रिप्लेटला काय आलं ते इथं खाली लिही, चुकलं तरी लिही, कुठं चुकलं ते बघून सांगतो.